तेविसावी हाक

लाँड्रीचं दार ढकलून तो आत आला तेव्हा मी नेमकी माझा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट मशीनमध्ये टाकत होते. घ्या आता! मी घाईघाईने वरून दोन टॉवेल कोंबले, झाकण धाडकन लावलं, बटण दाबलं आणि खोकत मशीनला पाठ लावून उभी राहिले.

रविवारी दुपारी आमच्या केल्नर बेमध्ये लाँड्रीत चिटपाखरू नसतं. सगळं गाव टीव्हीसमोर मोठ्या लीगचा सामना बघत बसलेलं असतं. म्हणून तर मी ही वेळ निवडली होती. बाहेर अर्धवट पाऊस, अर्धवट बर्फ पडत होता, सरोवरावरून बोचरा वारा येत होता, आणि सबंध गावात ज्या एका माणसाचं तोंड मला बघायचं नव्हतं तोच खांद्यावर पोतडी टाकून, निथळत माझ्यासमोर उभा होता.

ब्रॅम डेकर. गोदीत जहाजांना वेल्डिंग करतो. सहा फूट तीन इंच उंच, दाराच्या चौकटीत मावेल न मावेल असा. आमच्या गावच्या अमेरिकन फुटबॉल संघात बारा वर्षं खेळतोय, जर्सी नंबर एक्क्याण्णव. आणि काल सेमीफायनल संपायला चार मिनिटं असताना त्याच्या पायाशी पिवळा रुमाल फेकून त्याला मैदानाबाहेर काढणारी पंच म्हणजे मी, थिया नोवाक. पांढरी टोपीवाली. आमच्यात मुख्य पंचाचीच टोपी पांढरी असते, बाकीच्यांच्या काळ्या.

आज मात्र टोपी नव्हती, केस मोकळे होते, नाकावर चष्मा होता. ओळखणार नाही, मी मनाला बजावलं. काल तरी त्याने कुठे धड पाहिलं होतं माझ्याकडे?

"घरचं मशीन बिघडलंय," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

"अरेरे." आवाज जमेल तितका बारीक काढला. घसा बसलेलाच होता.

माझ्या शेजारचंच मशीन त्याने निवडलं. बारा मशीनं रिकामी, पण नाही! पोतडीतून चिखलाने बरबटलेली एक्क्याण्णव नंबरची जर्सी निघाली. ती आत टाकून तो बाकावर बसला आणि हातावर हात चोळत माझ्याकडे बघू लागला. डोळे करडे होते. आता हे मी का लक्षात ठेवलं, देव जाणे.

"काल सामना पाहिलात?"

"पाहिला... थोडासा."

"शेवटची चार मिनिटं?"

"हो."

"मग सांगा बरं. अन्याय झाला की नाही माझ्यावर?"

गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. दिवसभर शाळेची बस चालवते मी, चाळीस कार्ट्यांवर ओरडत.

"मला नाही वाटत अन्याय झाला असं," मी म्हटलं. "चेंडू फेकणारा तो, क्वार्टरबॅक. चेंडू हातातून सुटल्यावर त्याला धडक मारलीत तुम्ही."

"अहो, पण माझं वजन दोनशे साठ पौंड. समोर माझ्याएवढेच दोन दांडगे मला अडवायला. त्यांच्यातून वाट काढत मी पोचतो न पोचतो तोवर हा पठ्ठ्या चेंडू फेकून मोकळा! आता मी काय करू? हवेत विरघळू?"

"पाय आवरा. एक पाऊल माफ असतं तुम्हाला. दुसरं नाही."

"ओल्या चिखलात?"

"चिखल त्याच्याही पायाखाली असतो. फेकताना तो एका पायावर असतो. हात वर, बरगड्या उघड्या, डोळे चाळीस यार्डांवर. मैदानात बावीस माणसं असतात, त्यात हा एकटाच असा उभा असतो की येणारा माणूस त्याला दिसत नाही. त्याला जपायचं नाही तर कुणाला जपायचं?"

"आणि आम्हाला कोण जपतं हो? माझ्या गुडघ्यांवर तीन-तीन जण घुसतात, तेव्हा कुणाचा रुमाल पडत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे काय, नवसाचं पोर?"

हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. "तुमच्या अंगावर येणारा तुम्हाला दिसतो. त्याला तुम्ही दिसत नाही. एवढाच फरक आहे, आणि तो पुरेसा आहे."

मला वाटलं होतं आता चिडेल, आवाज चढवेल. पण तो म्हणाला, "हं. हे पटलं."

वाद घालताना इतक्या सहज "पटलं" म्हणणारा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. पाठीमागे मशीन घुर्रर्र करत फिरायला लागलं होतं. आणि ब्रॅम डेकर आता माझ्याकडे नाही, माझ्या कमरेच्या बाजूने दिसणाऱ्या त्या गोल काचेकडे पाहत होता.

मी मान वळवली. टॉवेल कधीच खाली गेले होते. काचेला चिकटून काळे-पांढरे पट्टे गरागरा फिरत होते.

"टॉवेलांखाली नाही लपत हो ते, पंचबाई," तो म्हणाला.

कानापर्यंत लाल झाले मी. "तुम्हाला... कधी कळलं?"

"दार उघडलं तेव्हाच. तुम्ही खोकलात ना! काल तीन तास तोच खोकला ऐकत होतो."

"मग हा सगळा तमाशा कशाला?"

"नियम तुम्हाला स्वतःला पटतो का, ते बघायचं होतं. पटतो. बरं वाटलं." तो उठून उभा राहिला, आणि ती एवढी मोठी खोली एकदम लहान झाली. "माझीही तक्रार नियमाबद्दल नाही. तक्रार तुमच्याबद्दल आहे."

"माझ्याबद्दल?"

"सामन्याआधी आमच्या खोलीत येऊन काय सांगितलं होतंत? आठवतंय?"

आठवत होतं. प्रत्येक सामन्याआधी मी दोन्ही संघांना तेच सांगते. क्वार्टरबॅकच्या मागे मी उभी असेन. चेंडू त्याच्या हातातून सुटला की मी ओरडेन, "गेला!" पाठमोरे असाल, कुणी अडवलं असेल, डोळ्यांत पाणी असेल तरी माझा आवाज ऐका. ऐकलात की थांबा. माझ्या आवाजानंतर जो धडकेल त्याची मी गय करणार नाही. नियमात कुठेही असं ओरडायला सांगितलेलं नाही. ही माझी पद्धत आहे, आणि मला तिचा अभिमान होता.

"काल त्यांनी तेवीस वेळा चेंडू फेकला," ब्रॅम म्हणाला. "मी मोजतो. सवय आहे. बावीस वेळा तुम्ही ओरडलात आणि बावीस वेळा मी थांबलो. तेविसाव्या वेळी मी तुमच्या आवाजाची वाट बघत धावत होतो... आणि तुम्ही ओरडलाच नाहीत."

"अशक्य! मी दर वेळी ओरडते."

"दर वेळी. तेवढी एक सोडून."

माझ्या अंगाची नुसती आग झाली. ओरडूनही हा थांबला नाही असंच मी धरून चालले होते, म्हणून तर मी त्याला नुसता दंड करून सोडलं नव्हतं. जाणूनबुजून धडक, असं लिहून बाहेर काढलं होतं. आणि बाहेर काढलेल्याला आमच्या लीगमध्ये पुढचा सामना खेळता येत नाही. पुढचा सामना म्हणजे फायनल. संघ जिंकला होता, शनिवारी फायनल होती, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा गाठलेली ती फायनल हा माणूस बाकावर बसून बघणार होता. चौतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. पुढच्या वर्षी तो खेळणार नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"बुधवारी समिती बसतेय तुमच्या अपिलावर," मी म्हटलं. "सांगा की तिथे! मला कशाला सांगताय?"

"तिथे नाही सांगणार."

"का?"

"कारण ते विचारतील, का बरं नाही ओरडली? मग गोळी निघेल." आणि तो... चक्क हसला. "माझ्या मोज्यातली."

तिसरा डाव संपला तेव्हा मी कडेला उभी राहून खोकत होते, थांबता थांबत नव्हते. हा जवळून गेला, वाकला, मोज्यातून कागदात गुंडाळलेली घशाची गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "वेष्टन आहे, घाण नाहीये," एवढंच म्हणाला. पंचाने खेळाडूकडून पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो. हे मी नव्या पंचांना स्वतः शिकवते. आणि मी घेतली. चेरीची होती.

"कपडे झाले तुमचे," ब्रॅम म्हणाला.

ओला शर्ट तसाच पिशवीत कोंबून मी पळाले. सुकवलाही नाही.

सोमवारी मी सामन्याचं चित्रण मागवून घेतलं. तो प्रसंग तीस वेळा पाहिला. चेंडू सुटतो, ब्रॅमचं एक पाऊल, दुसरं पाऊल, धडक, क्वार्टरबॅक चिखलात. वर माझा रुमाल. नियमाने अगदी बिनचूक! पण उंच मचाणावरून काढलेल्या त्या चित्रणाला आवाजच नसतो. मैदानात मी एवढीशी ठिपक्याएवढी दिसत होते. तोंड उघडलं की नाही ते कसं कळणार?

मी ओरडले होते. ओरडलेच असणार. रात्रभर कूस बदलत मी स्वतःला हेच सांगत राहिले, आणि जिभेवर मात्र चेरीची चव येत राहिली.

मंगळवारी पोरांना घरी सोडून मी बस डेपोत लावली तर हा दारात उभा. डोक्यावर लोकरी टोपी, हातात झाकणाचा डबा, डब्यातून वाफ.

"बूया आणलाय," तो म्हणाला. "आईच्या हातचा. घशाला बरा."

आमच्याकडचा दाट रस्साच तो: कोंबडी, बैलाचं मांस, बटाटे, कोबी, सगळं सकाळपासून मोठ्या पातेल्यात रटरटत ठेवलेलं. वासानेच माझा जीव खालीवर झाला. पण तोंडाने काय म्हटलं? "पंचाला खेळाडूकडून काही घेता येत नाही."

"पंच कुठंय इथं? मला तर बसचा ड्रायव्हर दिसतोय."

"उद्या समिती आहे, मिस्टर डेकर. आज आपण बोलणंसुद्धा बरं नव्हे."

"मग नका बोलू. खा."

काचांवर बर्फाची कचकच पडत होती. त्याला तसंच बाहेर उभं करणं माणुसकीला धरून नव्हतं, दुसरं काही नाही... असं मी स्वतःला सांगितलं. तो आत आला. पोरांच्या त्या चिमुकल्या सीटवर गुडघे कानाशी घेऊन बसला, आणि मी डब्याच्या झाकणातच बूया ओतून घेतला. चार घास गेल्यावर माझ्या घशातून दोन दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा आवाज निघाला.

"ओरडले होते मी," तो आवाज म्हणाला.

"बरं."

"बरं काय? भांडा ना!"

"भांडून काय होणार? नियमाने तुमचा रुमाल बरोबर आहे. दोन पावलं पडली माझी. मोजली मी."

"मग अन्याय कसला?"

ब्रॅमने टोपी काढली, हातात फिरवत राहिला. "कसं सांगू? बारा वर्षं लोक मला सांगतायत, तो नाजूक आहे, तो उघडा आहे, त्याला जप. मान्य. पण मी धावतो तेव्हा मलाही चेंडू दिसत नाही हो. समोरच्याची छाती दिसते, हात दिसतात, चिखल दिसतो. क्वार्टरबॅकला मी दिसत नाही आणि मला चेंडू दिसत नाही. दोघंही आंधळे. आमच्या दोघांत डोळे तुमचे. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, मी ओरडेन. या मोसमात पहिल्यांदा मी बिनधास्त धावलो. वाटलं, आहे कुणीतरी सांगायला."

खेळाडू असं बोलत नाहीत. किमान माझ्याशी तरी कधी कुणी बोललं नव्हतं. मी झाकण खाली ठेवलं.

"उठा," मी म्हटलं.

"आँ?"

"मागच्या सीटपाशी जा. मी इथे उभी राहते. मी क्वार्टरबॅक. या धावत."

"बसमध्ये? पंचबाई, मोडाल!"

"या म्हणते ना!"

मी ड्रायव्हरच्या सीटशी एका पायावर उभी राहिले, हातमोज्याचा गोळा करून हात वर धरला, डोळे मिटले. मागून धप् धप् पावलं आली. सगळी बस हलली. मी गोळा फेकला... आणि ओरडले नाही. मुद्दामच. खांद्याला त्याचा कोट घासला, आणि दोन्ही हात दांड्यांना आवळून, दात-ओठ खात तो कसाबसा माझ्याशेजारून निसटला आणि पुढच्या काचेवर आपटला.

"वेडी आहेस का तू?" तो ओरडला. पांढराफटक पडला होता. "लागलं असतं ना!"

"परत जा. परत ये."

"थिया—"

"ये!"

पुन्हा धप् धप्. हात वर, डोळे मिटलेले. गोळा सुटला तशी मी पोटातून ओरडले, "गेला!"

पावलं थांबली. जागच्या जागी. मी डोळे उघडले तर तो माझ्यापुढे वीतभर अंतरावर उभा होता, धापा टाकत. त्याचा श्वास माझ्या चष्म्यावर धुकं धरत होता. ना तो मागे सरला ना मी. बूयाचा, लोखंडाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. आणखी एक पाऊल माफ होतं त्याला. त्याने ते टाकलं नाही... आणि टाकावं असं मला फार फार वाटत होतं.

"बावीस वेळा असाच थांबलास तू," मी कसंबसं म्हटलं. "मी ओरडले असते तर तेविसाव्यालाही थांबला असतास."

"हो."

"गोळी दाताखाली होती माझ्या. चेंडू सुटला तेव्हा तोंड उघडलं, ती घशाकडे घसरायला लागली, मी ती कडकन चावली, आणि तेवढ्यात तू... रुमाल टाकला तेव्हा तोंडात चेरीचे तुकडे होते, ब्रॅम. शनिवारपासून मला हे माहीत आहे. नुसतं मान्य करवत नव्हतं."

त्याचे खांदे सैल पडले. बिचाऱ्याला एवढंच हवं होतं की काय?

"उद्या सांगणार आहे मी," मी म्हटलं.

"अजिबात नाही!"

"म्हणजे?"

"फायनलला पांढरी टोपी तुझी आहे. या लीगच्या फायनलला पहिल्यांदा बाईच्या डोक्यावर येतेय ती. गोळीचं कळलं की काढून घेतील. शनिवारीच नाही, कायमची. मी एक सामना बसेन बाकावर, मरणार नाही."

"तुझा शेवटचा सामना आहे तो!"

"आणि तुझी पहिली फायनल."

मला संताप संताप आला. "तुला कुणी सांगितलं मोठेपणा करायला? माझी चूक, आणि ती तू भरणार? मग शनिवारी ती टोपी घालून मी कुठल्या तोंडाने उभी राहू? पुढच्या मोसमात खेळाडूंना काय सांगू, माझ्या आवाजावर विश्वास ठेवा म्हणून?"

"थिया, ऐक—"

"उतर. बस बंद करायचीय मला."

तो उतरला. डबा तिथेच राहिला. आणि मी, एकतीस वर्षांची घोडी, त्या डब्याला कवटाळून रडले.

बुधवारी पाच वाजता चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये समिती बसली. टेबलामागे तिघे. मधे अर्लिन श्टुबे, समितीचे प्रमुख. सत्तरीचे, तीस वर्षं पांढरी टोपी घातलेले. या मोसमात ती स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवणारेही तेच. ब्रॅम भिंतीशी कोट-टाय घालून उभा होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, नको. मी तोंड फिरवलं.

त्यांनी चित्रण लावलं. एक पाऊल, दोन पावलं, धडक.

"स्वच्छ आहे सगळं," अर्लिन म्हणाले. "मिस्टर डेकर, काही म्हणायचंय?"

"नाही साहेब. दोन पावलं पडली माझी."

"मग अपील कशाला केलंत?"

"रागाच्या भरात केलं, साहेब." अर्लिननी शिक्का उचलला.

"मला बोलायचंय," मी म्हटलं.

"थिया," ब्रॅम भिंतीकडून म्हणाला. "प्लीज."

"तुम्ही मधे बोलू नका, मिस्टर डेकर." आणि मी सगळं सांगितलं. सामन्याआधी दिलेला शब्द, बावीस हाका, तेविसावी न मारलेली. मग खोकला. मग गोळी. कुणाकडून घेतली तेही. मोज्याचा भाग मी गाळणार होते, पण अर्लिननी विचारलं, "त्याच्याकडे गोळी कुठून आली मैदानात?" तेव्हा तोही सांगावा लागला. टेबलामागचे दोघे खाली बघून खोकल्यासारखं काहीतरी करत होते. अर्लिन मात्र हसले नाहीत.

"ओरडणं नियमात नाही, थिया. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. दंडाबद्दल माझी तक्रारच नाही. दोन पावलं पडली, दंड बरोबर. पण जाणूनबुजून मारलं, असं मी लिहिलं, ते खोटं ठरतं. तो माझ्या आवाजाची वाट बघत होता. मी त्याला शब्द दिला होता आणि मी तो पाळला नाही. त्याला बाहेर काढल्याचा शेरा मी मागे घेते. लेखी."

"आणि गोळीचं काय?"

मी पिशवीतून टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

अर्लिननी आधी ब्रॅमच्या अपिलावर शिक्का मारला. मग म्हणाले, "मिस्टर डेकर शनिवारी खेळतील. मिस नोवाक या मोसमात पंच म्हणून उभ्या राहणार नाहीत. पुढच्या मोसमाचं वसंतात बघू." टोपी उचलून त्यांनी आपल्या कपाटात ठेवली. कुलूप लावलं नाही, एवढं मी पाहिलं.

बाहेर पायऱ्यांवर ब्रॅमने मला गाठलं. "काय केलंस हे?" त्याचे डोळे भरले होते. "काय केलंस तू, थिया?"

"हाक मारली," मी म्हटलं. "उशिरा का होईना." आणि त्याने काही बोलायच्या आत मी गाडीत बसून निघून गेले. थांबले असते तर तिथेच त्याच्या गळ्यात पडले असते. गावभर बोभाटा!

शनिवारी ऊन पडलं होतं, पण गारठा हाडांत शिरत होता. मी पहिल्या रांगेत, मैदानाच्या टोकाशी बसले, मांडीवर घोंगडी घेऊन. सहाशे माणसं जमली होती. तीन डाव मी नुसती ब्रॅमलाच बघत होते. पांढरी टोपी कुणा परगावच्या माणसाच्या डोक्यावर होती. चेंडू सुटला की हा पंच तोंड उघडत नव्हता, सगळे पंच तसेच असतात. दर वेळी ब्रॅम अर्धं पाऊल आधीच कचरत होता, मनापासून धावतच नव्हता. माझा जीव तुटत होता.

शेवटचं मिनिट. आम्ही चार गुणांनी पुढे. चेंडू त्यांच्याकडे, आमच्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर, अगदी माझ्यासमोर. त्यांचा क्वार्टरबॅक मागे सरकला. आणि या वेळी ब्रॅम धावला. दोघांना बाजूला सारून, गुडघ्यांची पर्वा न करता, बारा वर्षांचं सगळं बळ लावून धावला. क्वार्टरबॅक पाठमोरा होता, हात वर, एका पायावर. चेंडू सुटला...

मी उभी राहिले. घोंगडी पायात पडली. विचारबिचार काही केला नाही, नुसती ओरडले, छाती फुटेस्तोवर:

"गेला!"

ब्रॅमने टाचा रुतवल्या. चिखल उडाला. त्याने दोन्ही हातांनी क्वार्टरबॅकला धरलं, पाडायला नाही, सावरायला, आणि दोघे एकमेकांना धरून जागच्या जागी गोल फिरले आणि उभे राहिले. तिकडे चेंडू त्यांच्या खेळाडूच्या हातात अलगद पडला. गोल, म्हणजे सहा गुण. सामना गेला. दोन गुणांनी हरलो आम्ही.

बाजूच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?" तोंडावर हात दाबून रडत होते मी. सगळं मीच घालवलं असं वाटत होतं.

मैदान रिकामं व्हायला लागलं तरी मी बसूनच होते. तो कठड्यापाशी आला. चिखलाने माखलेला, शिरस्त्राण काखेत, केस घामाने चिकटलेले. आणि हसत होता! फायनल हरलेला माणूस असा हसतो का?

"सहाशे माणसं बोंबलत होती," तो म्हणाला. "मला एकच आवाज ऐकू आला."

"माझ्यामुळे हरलात तुम्ही... मी ओरडले नसते तर—"

"तर मी त्या पोराच्या बरगड्या मोडल्या असत्या. चेंडू सुटलाच होता, थिया. तो गोल झालाच असता. शेवटचं काय आठवलं असतं मग मला? एक पोर चिखलात, आणि वर पिवळा रुमाल." त्याने कठड्यावर कोपरं टेकली. "आता आठवेल ते वेगळं. बारा वर्षं खेळलो, आणि शेवटच्या धावेला मला पूर्ण धावता आलं. तू आहेस हे माहीत होतं म्हणून."

"तुला कसं माहीत?"

"पहिल्या डावात खोकलीस ना."

रडता रडता मला हसू फुटलं. मग तो खाली वाकला, मोज्यात हात घातला, आणि कागदात गुंडाळलेली लाल गोळी तळहातावर धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"मी आता खेळाडू नाही," तो हळूच म्हणाला. "आणि वसंतापर्यंत तू पंच नाहीस. मला... तुझा आवाज रोज ऐकायचाय, थिया. आवडतेस तू मला. आता घेशील?"

मी गोळी उचलली, वेष्टन काढलं आणि तोंडात टाकली.

"आता फक्त एक पाऊल माफ आहे," मी म्हटलं.

त्याने ते टाकलं.